दर अर्ध्या तासाची कुपी

रात्री अडीचला कुपी बदलायची.
कुपी कसली, करंगळीच्या नखाएवढं बोंडलं.
अर्ध्या तासात त्यात जमतो एक थेंब,
तोही पुरता नाही.

सिक्स्टेन नूर्डवाल जागे आहेत.
अर्ध्या डोक्याचे केस भादरलेले,
तिथून दोऱ्याइतक्या बारीक दोन नळ्या बाहेर आल्यात.
एकीचं टोक गाठीत,
दुसरीचं गाठीपासून दोन बोटं लांब,
जिथे चित्रात काहीच दिसत नाही
आणि तरी डॉक्टर मूबेरी तिथेच बोट ठेवून
जरा वेळ गप्प होत्या.

दंडातून औषध चालू आहे संध्याकाळपासून.
रक्तात ते मुबलक, ते आम्ही तासातासाला बघतो.
पण मेंदूच्या उंबऱ्यावर आल्यावर
त्यातलं आत किती जातं?
आडात आहे हो भरपूर.
पोहऱ्यात काय येतं, ते बघायचंय.

“किती पोचलं?”
मला नाही माहीत.
कुपी शीतपेटीत जाते,
मंगळवारी ऊल्ले ती यंत्राला पाजतो,
मग कागदावर एक टेकडी उमटते.
किंवा नाही उमटत.

खिडकीखाली उमेओची नदी.
गोठलेली, पण पुलाच्या खांबांपाशी काळी, उघडी.
ते तिच्याकडे धंद्याच्या नजरेनं बघतात.
तीस हिवाळे त्यांनी लूलिओहून बेटांकडे जाणारा
बर्फाचा रस्ता मोजला.
दर शंभर पावलांवर गिरमिट,
भोकात आकड्यांची पट्टी,
पट्टीच्या खालच्या टोकाला आकडा,
तो बर्फाच्या काठाखाली अडकवायचा आणि वाचायचं.

“वरून सगळा सारखाच पांढरा असतो,” ते म्हणतात.
“खालून पाणी कुठे कुरतडतंय
ते विचारल्याशिवाय कळत नाही.
आणि विचारायचं म्हणजे भोक पाडायचं.”
मग हसतात, ओठाच्या एकाच बाजूनं,
दुसरी आता ऐकत नाही.
“परवा तुमच्या बाईंनी गिरमिट लावलं,
आवाज ओळखीचा निघाला.
फक्त या खेपेला मी खालच्या बाजूला होतो.”

तीन वाजता कुपी.
साडेतीनला कुपी.
चारला त्यांना उलटी झाली, नळ्या मी हातानं धरून ठेवल्या,
त्यांचं कपाळ माझ्या कोपराशी,
आणि नोंदीत फक्त लिहिलं: नमुना उशिरा, सहा मिनिटं.

मंगळवारी टेकडी उमटली.
रक्तात शंभर धरलं तर गाठीत अकरा.
दोन बोटं लांबच्या नळीसमोर
ऊल्लेनं शून्य लिहिलं नाही.
लिहिलं: मोजता येण्याइतकं नाही.
शून्य लिहायला हात धजत नाही त्याचा,
आणि तसं ते खरंही नसतं, म्हणतो.

मूबेरींनी खुर्ची ओढून सगळं नीट सांगितलं.
त्यांनी नीट ऐकलं.
“अकरा. सेंटिमीटर असते,
तर माणूस गेला असता वरून. मोटार नाही.”
मग बराच वेळ पांघरुणाची शिवण चाचपत राहिले.
“हे औषध पुढच्याला देणार का?”
नाही, त्या म्हणाल्या. बहुतेक नाही. या वाटेनं तरी नाही.
“मग पाटी लावा.
मी जन्मभर ‘रस्ता सुरू’पेक्षा
‘रस्ता बंद’च जास्त वेळा लावली.
लोक शिव्या देत माघारी जायचे.
घरी जायचे.”

मार्चअखेर त्यांच्या मुलीचा फोन आला,
चष्मा राहिलाय का खोलीत म्हणून.
राहिला नव्हता. मी दोनदा शोधला.

तक्त्यात ते सातवी ओळ आहेत.
नाव नाही, वय आहे, वजन आहे,
अकरा आहे.

आता त्या खाटेवर शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या बाई.
औषध दुसरं. उंबरा तोच.
अडीच वाजले. कुपी काढते, नवी बसवते,
झाकणावर वेळ लिहिते.
मग खिडकीशी जाते.
हल्ली चालताना या गुळगुळीत फरशीवरही
मी पाय टाकायच्या आधी
क्षणभर ऐकते.